गडांची पुस्तिका आणि पीडीएफमधले दुवे : अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं की पान उघडायला हवं

राजवाडा_चौक

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात डीटीपीचं काम करतो. सध्या सातारा जिल्ह्यातल्या किल्ल्यांची माहितीपुस्तिका हातात आहे. ए-५ आकार, ९६ पानं, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली आहे, मजकूर सगळा युनिकोडमध्ये. थोड्या प्रती छापायच्या आहेत, पण बहुतेक वाचक मोबाइलवरच वाचणार. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणार.

मला हवंय ते असं. अनुक्रमणिकेत 'वैराटगड' वर बोट ठेवलं की वैराटगडाचं पान उघडावं. त्या पानावर शेजारच्या चंदन-वंदनचा उल्लेख आहे, तिथून तिकडे जाता यावं. पायथ्याच्या गावाच्या नावावरून नकाशा उघडावा आणि मदतीच्या नंबरावरून थेट फोन लागावा.

हे एकेक करून हाताने करायचं की सॉफ्टवेअरकडून करून घेता येतं? छापायला जाणाऱ्या फाइलला याचा त्रास होतो का? आणि कुठे दुवा (लिंक) द्यावा, कुठे देऊ नये, यावरही बोला. मजकूर अजून मुद्रितशोधनात आहे, त्यामुळे सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

खिळेजुळारी

मजकूर पक्का व्हायच्या आत विचारलंत हे फार बरं झालं. दुव्यांचं काम शेवटी करायचं असा समज आहे, पण त्याचा पाया पहिल्या दिवशी, स्टाइल (अक्षराच्या रूपाचा नाव दिलेला साचा) लावतानाच पडतो.

आधी दुवा म्हणजे काय ते बघा. दुवा पानावर छापलेला नसतो. पीडीएफमध्ये पानावर एक अदृश्य चौकोन पडलेला असतो, पूर्वी आर्टवर्कवर बटर पेपर लावून त्यावर सूचना लिहायचो तसा. टिचकी कुठे पडली म्हणजे कुठे जायचं, एवढंच त्या चौकोनाला माहीत असतं. खालच्या अक्षराशी त्याचा संबंध नाही. म्हणून अक्षर निळं करून खाली रेघ ओढली तरी दुवा तयार होत नाही, आणि साध्या काळ्या अक्षरावरही दुवा असू शकतो.

यातूनच पुढचं कळतं. फाइल 'प्रिंट'मध्ये जाऊन प्रिंटर म्हणून पीडीएफ निवडलं, की प्रिंटरकडे फक्त पान जातं, वरचा थर मागेच राहतो. वर्ड असो, इनडिझाइन असो, कोरल असो, दुवे हवे असतील तर पीडीएफ 'एक्स्पोर्ट' किंवा 'सेव्ह अ‍ॅज'नेच करायची. तयार पीडीएफ लहान करायची म्हणून पुन्हा प्रिंट केली तरी तेच होतं.

आता अनुक्रमणिका. प्रत्येक गडाच्या नावाला एकच पॅराग्राफ स्टाइल लावा, समजा 'गडनाव'. एकाही ठिकाणी नुसता फॉन्ट मोठा करून भागवू नका. मग 'लेआउट'मध्ये 'टेबल ऑफ कंटेंट्स' उघडा, त्यात 'गडनाव' ही स्टाइल घ्या आणि 'क्रिएट पीडीएफ बुकमार्क्स' वर खूण करा. बुकमार्क म्हणजे पीडीएफच्या बाजूला दिसणारी नावांची यादी. अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि तिच्या प्रत्येक ओळीत त्या पानाचा दुवा आधीच असतो. पानं पुढेमागे झाली की 'अपडेट टेबल ऑफ कंटेंट्स' केलं की झालं.

एक्स्पोर्ट करताना 'अडोबी पीडीएफ प्रिंट' निवडलंत तर खालच्या 'इन्क्लूड' भागात 'बुकमार्क्स' आणि 'हायपरलिंक्स' या दोन खुणा कराव्या लागतात. 'अडोबी पीडीएफ इंटरॅक्टिव्ह' निवडलंत तर दुवे आपोआप जातात. मोबाइलसाठी इंटरॅक्टिव्ह घ्या आणि 'स्प्रेड्स' ऐवजी 'पेजेस' ठेवा. दोन पानं शेजारी-शेजारी आली तर फोनवर अक्षर वाचताच येत नाही.

माणदेशी_गडी

दादा, आमच्या म्हसवडकडं सगळी कामं कोरलमध्येच चालत्यात. लग्नपत्रिका, फ्लेक्स, जत्रंची पत्रकं. त्यात जमतंय का? पत्रिकंत कार्यालयाचा नकाशा टाकायला लय जण सांगत्यात.

खिळेजुळारी

जमतं की. जिच्यावर दुवा हवा ती चौकट किंवा चित्र निवडा आणि 'लिंक्स अँड बुकमार्क्स' या डॉकरमध्ये (बाजूच्या पट्टीत) पत्ता भरा. आवृत्तीनुसार डॉकरचं नाव थोडं बदलतं. मग 'पब्लिश टू पीडीएफ'च्या सेटिंगमध्ये 'इन्क्लूड हायपरलिंक्स' ची खूण तपासा. एकपानी पत्रिकेला एवढं पुरतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. पत्रिकेचा फोटो करून पाठवला तर दुवा राहतच नाही, आणि बहुतेक पत्रिका तशाच फिरतात.

मात्र ९६ पानांच्या पुस्तकाला कोरल नको. तिथे अनुक्रमणिका हाताने बांधावी लागते आणि एक पान वाढलं की सगळी बिघडते.

मुद्रितशोधक_वाई

मी वाईचा. आमच्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चालत आलं आहे, त्यामुळे हा विषय मला जवळचा. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्यातली कुठलीही नोंद उघडा, मजकुरात कंसात बाण काढून दुसऱ्या नोंदीचं नाव दिलेलं दिसेल, आणि नोंदीच्या शेवटी 'पहा :' करून संबंधित नोंदींची नावं. कागदावर टिचकी मारता येत नव्हती, तेव्हाही वाचकाला एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे नेण्याची सोय संपादकांनी केली होती. आपण आज पीडीएफमध्ये दुवा देतो तो त्याच कामासाठी.

म्हणून राजवाडा, माझं सांगणं एवढंच की पुस्तिकेत बाहेरच्या दुव्यांआधी आतले दुवे भरपूर द्या. साताऱ्याच्या गडांना त्याची फार गरज आहे, कारण एकेका गडाला दोन-दोन नावं. परळीचा किल्ला म्हणजे सज्जनगड. नांदगिरी म्हणजे कल्याणगड. वासोटा म्हणजे व्याघ्रगड. पाटणकडचा दातेगड म्हणजे सुंदरगड, आणि गुणवंतगडाला लोक मोरगिरीचा किल्ला म्हणतात. परळीत लहानाचा मोठा झालेला माणूस 'प' मध्येच शोधणार. तर शेवटी गडांच्या नावांची अकारविल्हे सूची द्या, तीत दोन्ही नावं घ्या, आणि 'परळीचा किल्ला, पहा : सज्जनगड' या ओळीवर बोट ठेवलं की सज्जनगडाचं पान उघडू द्या.

दुसरी सूची तालुक्यांची. फलटण तालुक्यात संतोषगड, माणमध्ये महिमानगड आणि वारुगड, खटावात भूषणगड, कराडला वसंतगड आणि सदाशिवगड. एका दिवसात दोन गड करणारा माणूस आधी तालुका बघतो.

राजवाडा_चौक

काका, सूचीची कल्पना फारच आवडली. दोन्ही सूची घेतो. पण 'पहा'चे दुवे कसे द्यायचे? हायपरलिंक पॅनेलमध्ये 'पेज', 'टेक्स्ट अँकर', 'यूआरएल' असे बरेच प्रकार दिसतात.

खिळेजुळारी

'पेज' घेऊ नका. पेजला दिलेला दुवा पानाला चिकटतो. उद्या वर्धनगडाचा मजकूर अर्धा पान वाढून पुढे सरकला, तर दुवा जुन्याच पानावर नेतो आणि वाचक भलत्याच गडावर पोचतो. 'टेक्स्ट अँकर' मजकुरात रुतून बसतो आणि मजकुराबरोबर हलतो.

त्याहून चांगलं म्हणजे 'क्रॉस-रेफरन्स'. 'टाइप' मेन्यूत 'हायपरलिंक्स अँड क्रॉस-रेफरन्सेस' मध्ये मिळेल. 'पॅराग्राफ' प्रकार घ्या, डाव्या बाजूला 'गडनाव' स्टाइल निवडा, उजव्या बाजूला सगळ्या गडांची यादी येते, हवा तो गड निवडा. स्टाइल पहिल्या दिवशी नीट लावायला सांगितलं ते यासाठीच. याचा छापील प्रतीलाही उपयोग आहे. क्रॉस-रेफरन्समधून पानाचा आकडा आणता येतो, म्हणजे कागदावर 'पहा : चंदन-वंदन, पान ३८' छापलं जाईल आणि मोबाइलवर तीच ओळ दुवा होईल. आकडा बदलला की पॅनेलमध्ये खूण दिसते, अपडेट करायचं.

कोयनाकाठ

फॉन्टचं मी सांगतो, कारण इथे आमच्या पाटणकडच्या दुकानांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवरची कामं येतात. राजवाडा यांचा मजकूर युनिकोडमध्ये आहे, पण हा धागा इतरही वाचतील.

जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. दुवा तरीही चालतो, कारण पत्ता चौकोनात वेगळा असतो. अडतं ते बुकमार्कला. पीडीएफ उघडली की डावीकडे गडांच्या नावांची जी पट्टी येते, तिला तुमचा फॉन्ट माहीत नसतो. तिथे 'सज्जनगड' च्या जागी अगम्य रोमन अक्षरांची माळ दिसते. पीडीएफमध्ये 'वासोटा' शोधलं तरी सापडत नाही. तेव्हा आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मगच बाकीचं.

इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' चालू आहे ना तेही बघा. सीएस-६ या आवृत्तीपासून ती सोय आहे. ती नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि ते बिघडलेलं रूपच पुस्तकभर जातं.

सांगलीची_हळद

इनडिझाइन भाड्याने घेणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून फुकटच्या वाटाही नोंदवून ठेवते.

लिबर ऑफिस रायटर. 'हेडिंग १' ही स्टाइल लावा, 'इन्सर्ट'मधून अनुक्रमणिका घाला, पीडीएफ एक्स्पोर्ट करताना आउटलाइनची (म्हणजे बुकमार्कची) खूण करा. साध्या पुस्तिकेला हे उत्तम. आमच्या इथल्या एका वाचनालयाची पुस्तकयादी मी यातच केली आहे. विषयावर बोट ठेवलं की त्या विषयाची पुस्तकं उघडतात.

स्क्रायबस. २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी नीट जुळते. जुन्या १.४ च्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटायची, त्यामुळे कुणाकडे ती असेल तर बदलून घ्या. दुव्यासाठी 'लिंक अ‍ॅनोटेशन' ची वेगळी चौकट पानावर काढावी लागते. ती शब्दाला बांधलेली नसते. मजकूर सरकला तरी चौकट तिथेच राहते, म्हणून स्क्रायबसमध्ये दुव्यांचं काम अगदी शेवटी, मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावर करायचं. खिळेजुळारी दादांनी इनडिझाइनसाठी सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

माणदेशी_गडी

मी म्हणतो एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक पानावर क्यूआर कोड टाका की. छापलेल्यावर पण चालतोय, मोबाइलवर पण.

सांगलीची_हळद

भाऊ, मोबाइलवर पीडीएफ वाचणारा माणूस त्याच मोबाइलने त्याच पडद्यावरचा कोड कसा टिपणार? त्याला दुवाच लागतो. कागद हातात असलेल्याला कोड लागतो. दोघं वेगळे वाचक आहेत. कोडच्या चित्रावरच दुवाही दिला तर दोघांचीही सोय होते. इनडिझाइनमध्ये 'ऑब्जेक्ट' मेन्यूत क्यूआर कोड तयार करायची सोय आहे, बाहेरच्या वेबसाइटवर जायला नको.

फक्त मराठी पत्त्यांना जपा. ब्राउझरमध्ये पत्ता मराठीत दिसतो, पण चिकटवल्यावर टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट आणि प्रत्येक बाइटला ३ अक्षरं. 'अजिंक्यतारा' या शब्दात काने, मात्रा, अनुस्वार धरून ११ चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ९९ अक्षरं. दुव्याला त्याने फरक पडत नाही, पण क्यूआर कोड इतका दाट होतो की ए-५ पानाच्या कोपऱ्यात लहान छापला तर साध्या कॅमेऱ्याला तो वाचता येत नाही. कोडसाठी पत्ता आखूड ठेवा आणि चारी बाजूंनी पांढरी जागा सोडा. निदान ४ ठिपक्यांएवढी जागा हवी, असं कोडचं प्रमाणच सांगतं.

राजवाडा_चौक

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुक्रमणिका आणि दोन्ही सूची जोडल्या, फोनवर झकास चालतात. आता दिसण्याचा प्रश्न. हायपरलिंक केला की इनडिझाइन निळा रंग आणि खाली रेघ देतं. 'भूषणगड', 'गुणवंतगड' या नावांत उकार खाली येतो आणि रेघ नेमकी त्यातून जाते. ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येईना.

मुद्रितशोधक_वाई

रेघ काढूनच टाका. ती रोमन अक्षरांच्या सवयीतून आली आहे, त्यांच्यात ओळीखाली उतरणारी अक्षरं मोजकी. आपल्याकडे उकार, ऋकार, हलन्त सगळं खाली. मुद्रितशोधनात 'सुंदरगड' चा उकार ऱ्हस्व की दीर्घ हे मला दिसलंच पाहिजे. ठेवायचीच असेल तर 'अंडरलाइन ऑप्शन्स' मध्ये जाऊन रेघ बारीक करा आणि 'ऑफसेट' वाढवून उकाराच्या खाली न्या. मी तर नावापुढे छोटा बाण ठेवीन. छापील पानावरही तो 'पहा' म्हणून वाचला जातो.

खिळेजुळारी

छपाईच्या बाजूनेही निळा नकोच. तो निळा सायन आणि मॅजेंटा मिळून होतो. आठ-नऊ पॉइंटच्या अक्षरात दोन शाया केसभर सरकल्या तरी अक्षराच्या कडा दुहेरी दिसतात. दुव्याची कॅरेक्टर स्टाइल एकच असते. स्क्रीनच्या फाइलसाठी तिचा रंग ठेवा आणि छपाईच्या फाइलसाठी तीच काळी करा. एका जागी बदललं की पुस्तकभर बदलतं.

म्हणजेच फाइल दोन काढायच्या. छापखान्याला जाणारी वेगळी, बिनदुव्याची, ब्लीड (कापताना जाणारी कडेची जादा जागा) आणि कटिंग मार्कसह. पीडीएफ एक्स-१ए हा छपाईचा प्रकार पानाच्या छापील भागात दुवे ठेवूच देत नाही, आणि फर्मे लावताना, म्हणजे मोठ्या कागदावर अनेक पानं एकत्र मांडताना, तसेही ते टिकत नाहीत. मोबाइलची वेगळी, बिनब्लीडची. दोन्हींच्या नावात 'छपाई' आणि 'मोबाइल' हे शब्द ठेवा. कधीकधी छापखान्याकडून आलेली दुरुस्त फाइलच पुढे फिरवली जाते आणि तिच्यात एकही दुवा नसतो.

कोयनाकाठ

फोन नंबराचं राहिलं. पत्त्याच्या रकान्यात टी-ई-एल ही तीन रोमन अक्षरं, मग कोलन, मग अधिक ९१ आणि नंबर, मध्ये जागा न सोडता. पानावर नंबर देवनागरी आकड्यांत छापा, पण या रकान्यात आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी आकडे डायलरला समजतील याची खात्री नाही. आणीबाणीचा ११२ देताना मात्र नुसता ११२ द्या, पुढे काही नको.

आणि फसवणारी एक गोष्ट. काही पीडीएफ व्ह्यूअर छापलेला पत्ता ओळखून स्वतःच त्याचा दुवा करतात. डेस्कटॉपवर चाललं म्हणून आपण निर्धास्त होतो. पण पत्ता दोन ओळींत तुटला असेल तर तो अर्धाच उचलला जातो आणि 'पान सापडले नाही' असं येतं. नीट दिलेला दुवा दोन्ही ओळींवर पूर्ण चालतो. तपासायचं तर दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून जाऊन आलेली फाइल उघडून. एकेका फोनच्या व्ह्यूअरची रीत वेगळी असते.

सांगलीची_हळद

बाहेरचे दुवे किती दिवस टिकतील याचा विचार आत्ताच करा. पीडीएफ एकदा फिरायला लागली की ती परत बोलावता येत नाही. गुगलची पत्ते आखूड करणारी सेवा २०१९ पासून नवे पत्ते करत नाही, आणि वापरात नसलेले जुने पत्ते २०२५ मध्ये बंद केले गेले. कुणाच्याही फुकट सेवेवर आखूड केलेला पत्ता पुस्तकात छापू नये. पुस्तिका काढणाऱ्यांची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्यावरच गडागणिक एक पान करा, पुस्तिकेतले सगळे बाहेरचे दुवे तिकडे न्या, आणि नकाशाचे पत्ते त्या पानावर ठेवा. उद्या नकाशाचा पत्ता बदलला तर एक पान सुधारायचं, छापलेला कोडही चालत राहील.

राजवाडा_चौक

वेबसाइट आहे, साधी आहे, पण हे जमेल. नकाशासाठी गावाचं नाव देऊ की अक्षांश-रेखांश?

कोयनाकाठ

अक्षांश-रेखांश. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, आणि नावाने शोधलं की नकाशा गावाच्या मध्यावर नेऊन सोडतो. गडाची वाट जिथून सुटते तो बिंदू स्वतः जाऊन घ्या. कल्याणगडासारख्या ठिकाणी गावातून नेमक्या कुठल्या बाजूने चढायचं हेच विचारत बसावं लागतं.

आणि वासोट्याच्या पानाकडे विशेष लक्ष द्या. तिथे अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते, बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जावं लागतं. पलीकडे जंगलात रेंजचा भरवसा नाही. तेव्हा 'परवानगीसाठी येथे टिचकी मारा' एवढंच लिहून थांबू नका. परवानगी कुठे मिळते, सोबत काय लागतं, परतीच्या बोटीची वेळ आधी ठरवून घ्यायची, हे सगळं पानावरच पूर्ण वाक्यांत लिहा. पुस्तिकेतले आतले दुवे तिथेही चालतील, कारण त्यांना नेट लागत नाही. जवळच्या नागेश्वर या देवस्थानाच्या वाटेची माहिती वेगळ्या पानावर असेल तर वासोट्याच्या पानावरून तिकडे दुवा नक्की द्या.

राजवाडा_चौक

नागेश्वर वेगळ्याच पानावर आहे. आजच दोन्हीकडून क्रॉस-रेफरन्स जोडतो. परवानगीचा मजकूर आत्ता फक्त दुव्यामागे आहे, तो पानावर घ्यायचा तर वासोट्याला अर्धं पान वाढेल. वाढू दे. फोटो एक कमी करतो.